सेकंडहँड स्पीडबोट घेताय? आधी इंजिन आणि ड्राईव्ह बघा, मग रंग

बोट बघायला गेलात की पहिला अर्धा तास मागे, ट्रान्समपाशी (बोटीची मागची उभी भिंत) उभे राहा. पुढचा चकाचक जेलकोट, नवीन सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम हे सगळं विकणारा स्वतःहून दाखवणारच आहे, पण सेकंडहँड फास्ट बोटीत पैसे जातात ते मागे जे लटकलंय त्यात आणि इंजिनाच्या झाकणाखाली. हल (बोटीची मूळ बॉडी) चांगला आणि इंजिन खलास अशा बोटी मी पुष्कळ बघितल्यात, उलटं क्वचित.

आम्ही तिघा मित्रांनी काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरून एक २१ फुटी बोट आणली होती. आत व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, मागे स्टर्नड्राईव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंखा (प्रोपेलर) फिरवणारा ड्राईव्हचा पाय बाहेर. विकणाऱ्याने जमिनीवरच पाण्याचा पाईप लावून दहा मिनिटं इंजिन चालवून दाखवलं, आवाज ऐकून आम्ही खूश, लगेच टोकन दिलं. तिसऱ्या आठवड्यात धरणावर एका सिलिंडरमध्ये पाणी शिरलं. एक्झॉस्टचा रायझर (धूर बाहेर नेणारा, पाण्याने थंड होणारा बिडाचा भाग) आतून गंजून पातळ झाला होता आणि तो आम्ही उघडून बघितलाच नव्हता. दोन तासांचं काम होतं ते. नंतर इंजिन पूर्ण खोलावं लागलं आणि बोटीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे पुन्हा घालावे लागले. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय, पुण्यातून पहिल्यांदा बोट घेणाऱ्याला निदान काय विचारायचं हे तरी माहीत असावं.

सगळ्यात आधी पाणी ठरवा

पुण्यातल्या माणसाला दोन पर्याय, एक तर पानशेत, मुळशी, पवना, उजनी असं धरणाचं गोडं पाणी, नाहीतर बोट मांडवा-अलिबाग किंवा मुरुडकडे ठेवायची आणि शनिवार-रविवार जायचं. या दोन्हींसाठी इंजिन-ड्राईव्हची निवड वेगळी होते, म्हणून "दोन्हीकडे वापरू" असं म्हणत असाल तर जास्त दिवस कुठे राहणार ते प्रामाणिकपणे ठरवा. खाऱ्या पाण्यात कायम उभी राहणारी स्टर्नड्राईव्ह म्हणजे सतत देखभाल, कारण ड्राईव्हचं ॲल्युमिनियम चोवीस तास पाण्यात असतं. आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन) वर उचलून पाण्याबाहेर ठेवता येतं, फरक तिथेच पडतो.

धरणाचं पाणी सौम्य, पण त्याचे वेगळे प्रश्न आहेत. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की काल जिथून गेलात तिथे आज दगड किंवा झाडाचा बुंधा असतो, बोट उतरवायचा उतार चिखलात संपतो. उजनीसारख्या ठिकाणी जलपर्णी असते, त्यामुळे जेट ड्राईव्हचा (बाहेरच्या पंख्याऐवजी पाण्याचा झोत मारून चालणारा) मोह टाळा, कचरा आत ओढला की ताकदच जाते. आणि बोट घ्यायच्या आधी त्या धरणावर खाजगी मोटरबोट चालवायला परवानगी मिळते का हे जलसंपदा खात्याकडून, मुळशीचं असेल तर टाटा पॉवरकडून, लेखी घ्या. पिण्याच्या पाण्याच्या धरणाबाबत तर तोंडी "चालतं हो" यावर अजिबात विसंबू नका.

मग एचपीचं गणित, पाच मिनिटांचं

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो की किती एचपी घेऊ. एक जुना ठोकताळा आहे, क्राउचचा. माणसं आणि पेट्रोल धरून बोटीचं वजन पौंडात घ्या, त्याला एचपीने भागा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १८० ला त्याने भागा, उत्तर येतं मैल प्रति तास. १८० हा आकडा बऱ्यापैकी वेगवान व्ही तळाच्या बोटीसाठी, साध्या फॅमिली बोटीला १५० धरा.

समजा वजन ३,५०० पौंड, म्हणजे साधारण १,६०० किलो. २५० एचपीला येतात ४८ मैल, म्हणजे ताशी ७७ किलोमीटर. ३५० एचपी लावले तर ५७ मैल, म्हणजे ९२ किलोमीटर. १०० एचपी वाढवून हातात आले १५ किलोमीटर, त्यातही मोठ्या इंजिनाचं वाढलेलं वजन धरलेलंच नाही. पेट्रोल मात्र रोज जास्त, आणि ड्राईव्हवरचा ताणही वाढला. धरणाच्या पाण्यावर ७०-८० चा वेग अंगावर येतो, जमिनीवरच्या ८० सारखा तो नसतो. पहिल्या बोटीला यापेक्षा जास्त नको असं माझं ठाम मत आहे.

आउटबोर्ड की स्टर्नड्राईव्ह

थोडक्यात रचना सांगतो. आउटबोर्डमध्ये इंजिन, गिअर, पंखा सगळं एकाच युनिटमध्ये ट्रान्समच्या बाहेर टांगलेलं. स्टर्नड्राईव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला, आणि ट्रान्सममधून बाहेर आलेला पाय पंखा फिरवतो आणि दिशाही देतो, व्हॉल्वो पेंटाने १९५९ साली ॲक्वामॅटिक या नावाने ही पद्धत बाजारात आणली. शाफ्ट थेट तळातून जाणारे इनबोर्ड बहुतेक टोइंगच्या (स्की वगैरे ओढणाऱ्या) बोटींना असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर अर्धा पंखा बाहेर ठेवून चालणारे आर्नेसनसारखे सरफेस ड्राईव्ह वेगाला जबरदस्त, पण ट्रिम (ड्राईव्हचा वर-खाली कोन) हाताळायला अनुभव लागतो आणि हळू चालताना, जेटीला लावताना त्रास देतात. पहिल्या बोटीला नको.

पुण्यातल्या नवख्याला माझा सल्ला: बजेट बसत असेल तर एकच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड असलेली बोट शोधा. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, तिघांपैकी ज्याचा माणूस तुमच्या बोटीपर्यंत येऊ शकतो ते घ्या. कोकणात मच्छिमारांमुळे आउटबोर्ड समजणारे मेकॅनिक गावागावात आहेत, तो आधार फार मोठा आहे. काही बिघडलं तर पूर्ण इंजिन चार बोल्ट काढून उतरवता येतं, बोट घाटातून वर-खाली न्यायची गरज नाही.

जुने टू-स्ट्रोक डायरेक्ट इंजेक्शनवाले आउटबोर्ड स्वस्त दिसतात आणि पिकअपला खरंच मस्त असतात. पण मर्क्युरीचं ऑप्टिमॅक्स २०१८ मध्ये बंद झालं आणि बीआरपीने एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबवलं. असं इंजिन घेणार असाल तर इंजेक्टर आणि कंट्रोल युनिट कुठून मिळणार हे आधी फोन करून पक्कं करा. मर्क्युरीच्या सुपरचार्जर असलेल्या सहा सिलिंडरच्या व्हेराडोचा आपल्याकडे एक फायदा आहे, उंचीवर ताकद कमी गळते, पण वजनदार आहे, जुन्या हलवर चढवलेलं असेल तर ट्रान्सम नीट तपासा.

स्टर्नड्राईव्हच घ्यायची असेल तर

सेकंडहँड बाजारात २० ते २६ फुटांच्या बऱ्याच बोटी स्टर्नड्राईव्ह असतात आणि किमती मोहात पाडतात, हे मान्य.

इंजिनात सगळ्यात सुरक्षित निवड म्हणजे जीएमच्या ३५० घन इंचाच्या ब्लॉकवर बनलेलं ५.७ लिटर व्ही८, मर्क्रूझर (मर्क्युरीचाच आतल्या इंजिनांचा ब्रँड) असो की व्हॉल्वो पेंटा. जगात एवढं बनलंय की पार्ट अजून सहज मागवता येतात, आणि भोसरीतला चांगला मशीनशॉपवाला हेड फेसिंग, बोअरिंग आरामात करून देतो. ४.३ लिटर व्ही६ त्याचाच लहान भाऊ, १८-१९ फुटी बोटीला पुरतो. ४५४, ५०२ घन इंचाच्या वगैरे बिग ब्लॉकचा आवाज ऐकून माणूस हरखतो, पण त्यांचं पेट्रोल, वजन आणि पार्टचा खर्च पहिल्या बोटीला झेपणारा नसतो. ४९६ म्हणजे ८.१ लिटरचं इंजिन तर जीएमने २००९ मध्ये बंद केलं, त्याचे बरेच पार्ट त्याच इंजिनापुरते आहेत.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन? शक्य असेल तर इंजेक्शन. कारण पुढे उंचीच्या भागात येईल.

डिझेलचा विचार पुणेकराने जरूर करावा. कोथरूडला कमिन्स, खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, या शहरात डिझेल समजणारी माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. व्हॉल्वो पेंटाचं डी४ किंवा डी६ असलेली बोट महाग मिळते, टॉप स्पीड पेट्रोलइतका नाही, पण समुद्रावर रोज वापर असेल तर मी तिकडेच बघेन. फक्त हीट एक्स्चेंजर आणि आफ्टरकूलर (इंजिन आणि आत जाणारी हवा थंड करणारे भाग) कधी उघडून साफ केले त्याचं बिल मागा, खाऱ्या पाण्यात हे दुर्लक्षलं की मोठं नुकसान होतं.

आता ड्राईव्ह. इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात.

मर्क्रूझरचा अल्फा वन हा साधा, हलका, स्वस्त, साधारण ३०० एचपीपर्यंतचा. त्याचा पाण्याचा पंप ड्राईव्हच्या आतच असतो, इम्पेलर (पंपातली रबरी चक्री) बदलायला खालचा भाग उतरवावा लागतो. १९९१ पासूनचा जनरेशन टू घ्या, त्याआधीचा नको. ३५०-४०० एचपीचं इंजिन आणि मागे अल्फा अशी जोडी दिसली तर समजा कुणीतरी जुगाड केलाय, गिअर कधी तुटतील सांगता येत नाही.

ब्राव्हो वन हा जास्त ताकदीचा, एकच पंखा, वेगासाठी हाच. पंप इंजिनावर असतो. ब्राव्हो टू ला मोठा पंखा, जड बोटींसाठी, वेगवाल्याने सोडून द्या. ब्राव्हो थ्री ला उलटसुलट फिरणारे दोन पंखे, बोट सरळ चालते, जेटीला लावायला सोपी, पाण्याची पकड घट्ट. व्हॉल्वोचा ड्युओप्रॉपही याच तत्त्वाचा. फॅमिलीसाठी दोन पंखेवाला ड्राईव्ह खरंच सुखाचा, पण ताशी शंभरच्या पुढे जायचं असेल तर दोन पंख्यांचा अडथळा जाणवतो आणि ब्राव्हो वन पुढे जातो. शिवाय ब्राव्हो थ्री खाऱ्या पाण्यात गंजण्याबद्दल बदनाम आहे, तिथली बोट असेल तर रंगाखाली फोड आलेत का बोट फिरवून बघा. ५२५ एचपीच्या मर्क्युरी रेसिंगसारख्या इंजिनांमागे ब्राव्होचा एक्सआर (जास्त मजबूत प्रकार) लागतो, साधा ब्राव्हो लावून कुणी "चालतंय" म्हणत असेल तर त्या बोटीपासून लांब राहा.

ओएमसी कोब्रा ड्राईव्ह? बोट फुकट मिळाली तरी नको. १९९३ नंतर बनलेलाच नाही आणि कंपनी २००० च्या शेवटी दिवाळखोरीत गेली.

दोन इंजिनांची बोट पहिल्यांदा घेऊ नका. इम्पेलर दोन, बेलो (रबरी भाते) दोन जोड, रायझर चार, आणि दोन्ही इंजिनांचे तास सारखे असतातच असं नाही, एक नंतर बदललेलं असतं.

तपासणी, इथे घाई नको

इंजिन थंड असताना पोचा. जाण्याआधी सांगून ठेवा की सुरू करू नका, आणि गेल्यावर ब्लॉकला हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड स्टार्टला काय होतं ते लपवायचंय.

डिपस्टिक काढा. ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, तिथेच थांबा.

ड्राईव्हचं किंवा आउटबोर्डच्या लोअर युनिटचं गिअर ऑइल खालचा स्क्रू सैल करून थोडं काढा. दुधाळ म्हणजे सील गेलेत. स्क्रूच्या चुंबकावर बारीक पावडर असली तर ठीक, पण नखाला लागणारे तुकडे असतील तर गिअर संपलेत. "कालच ऑइल बदललं" असं कुणी म्हणालं तर ट्रायल झाल्यावर पुन्हा काढून बघा, पाणी शिरत असेल तर तेवढ्यातही कळतं.

पंखा काढायला लावा. मागे मासेमारीची तंगूस गुंडाळलेली असते आणि ती सील कापते, किनाऱ्यावरच्या बोटींमध्ये हे हमखास बघा. शाफ्ट हाताने फिरवून वाकलाय का तेही तेव्हाच कळतं.

बेलो, म्हणजे ट्रान्सम आणि ड्राईव्हमधला रबरी भाता. टॉर्च मारून प्रत्येक घडीत बघा, चीर दिसली तर बदललाच पाहिजे. बेलो फाटला की गिंबल बेअरिंग (ड्राईव्हच्या शाफ्टचं) आणि युनिव्हर्सल जॉइंटमध्ये पाणी जातं, आणि जास्त दुर्लक्ष झालं तर बोट उभ्या जागी बुडू शकते. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवा, मागून घरघर आली तर बेअरिंग गेलंय. मग ड्राईव्ह खालून धरून दोन्ही बाजूंना हलवा, जास्त ढिला वाटला तर गिंबल रिंग (ड्राईव्ह धरणारी कडी) झिजलीय, ते काम खर्चिक.

ट्रान्सम स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज हवा, बदबद आवाज आला की आतलं प्लायवूड कुजलंय. कुजलेल्या ट्रान्समवर चांगलं इंजिन असून काही उपयोग नाही.

आता रायझर आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरचा धूर गोळा करणारा भाग). बोट खाऱ्या पाण्यातली असेल आणि बंद कूलिंग नसेल, म्हणजे समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल, तर हे बिडाचे भाग पाच-सहा वर्षांत संपतात. बदलल्याचं बिल नसेल तर एक रायझर उघडायला लावा, नाही म्हणाला तर किंमत नव्या सेटची धरून कमी करा, किंवा निघून या.

कॉम्प्रेशन टेस्ट सगळ्या सिलिंडरची करा, इंजिन कोमट, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. काढलेल्या प्लगवर गंज दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी येतंय. नवीन इंजिनांत कॉम्प्युटर असतो, लॅपटॉप लावला की एकूण तास आणि कुठल्या आरपीएमवर किती तास चाललंय तेही निघतं. मीटरवर २०० तास आणि कॉम्प्युटरमध्ये ९०० असं निघू शकतं.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. आतल्या इंजिनावर स्टार्टर, अल्टरनेटर, फ्युएल पंप मरीन प्रकारचेच आहेत का बघा. नाना पेठेत कारचा स्टार्टर स्वस्तात मिळतो, बसतोही, पण तो बाहेर ठिणगी जाऊ देतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साठते. म्हणूनच सुरू करायच्या आधी ब्लोअर किमान चार मिनिटं चालवायचा असतो. ब्लोअर बंद असलेली बोट सुरूसुद्धा करू नका.

पाण्यावर ट्रायल, पंखा आणि आपली उंची

पाण्यात चालवल्याशिवाय बोट घेऊ नका, पाईप लावून चालवलेलं इंजिन म्हणजे बिनओझ्याचा बैल. गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर किती, अर्धा तास चालल्यावर तापमान स्थिर आहे का, गिअर टाकताना खट्ट आवाज येतो का, आणि फुल थ्रॉटलला आरपीएम मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या पट्ट्यात पोचतो का. पोचत नसेल तर एकतर इंजिन थकलंय, नाहीतर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जितके इंच पुढे जायला हवा ते अंतर) चुकीचा आहे.

वेग पडताळायचं गणित असं: आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १,०५६. ४,८०० आरपीएम, २१ इंच पिच, १.५ रेशो धरला तर ६३.६ मैल. त्यातून घसरण (पंखा पाण्यात घसरल्याने वाया जाणारा वेग) १२ टक्के वजा करा, राहतात ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर. मोबाईलच्या जीपीएसवर ७० च दिसत असतील तर घसरण फार आहे, पंखा खराब किंवा त्याचं रबरी हब सरकतंय, नाहीतर रेशो सांगितला तो नाही. रेशो ड्राईव्हवरच्या स्टिकरवरून घ्या, तोंडी नको.

आता पुण्याचा खास मुद्दा. खडकवासला धरण भरलेलं असताना समुद्रसपाटीपासून साधारण ५८२ मीटरवर असतं, पानशेत आणखी वर. साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के कमी होते, म्हणजे ३०० एचपीतले १८ इथे येईपर्यंत गेले. मांडव्याला ४,८०० आरपीएम मारणारी बोट धरणावर कमी मारते आणि घेणाऱ्याला वाटतं फसवलं. फसवलेलं नसतं, पिच एक-दोन इंच कमी करा, एक इंचाला १५० ते २०० आरपीएम परत मिळतात. इंजेक्शनवालं इंजिन मिश्रण स्वतः जुळवून घेतं, कार्ब्युरेटरवालं रिच (हवेच्या मानाने जास्त पेट्रोल) चालतं आणि प्लग काळे करतं, कार्ब्युरेटरमधले जेट (पेट्रोलची बारीक भोकं) बदलावे लागतात.

झिंकचंही तसंच, किनाऱ्यावरून आणलेल्या बोटीवर झिंकचे अॅनोड (ड्राईव्हऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) असतात, गोड्या पाण्यात ते नीट काम करत नाहीत, मॅग्नेशियमचे लावा. आणि परत समुद्रात नेताना मॅग्नेशियमचे आठवणीने काढा.

पेट्रोल

पंपावर आता ई२० मिळतं आणि बहुतेक मरीन पेट्रोल इंजिनांची मॅन्युअल १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी देतात. जुन्या बोटीचे होज, कार्ब्युरेटरचे रबर यांना त्रास होतो, आणि बोट महिनाभर उभी राहिली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून टाकीच्या तळाशी वेगळं होतं. १० मायक्रॉनचा पाणी वेगळा करणारा फिल्टर लावलेला नसेल तर पहिल्या दिवशी लावा, होज इथेनॉल चालणारे नवीन घ्या, आणि पावसाळ्यात बोट झाकून ठेवायच्या आधी कार्ब्युरेटर रिकामा करा. आणखी एक गल्लत होते, अमेरिकन मॅन्युअलमधला ८७ ऑक्टेन म्हणजे आपल्याकडच्या मोजमापात साधारण ९१, त्यामुळे आकडा वाचून घाबरू नका.

कागद आणि टोकन

इंजिन नंबर, ड्राईव्हचा नंबर, ट्रान्सम असेंब्लीचा नंबर, तिन्हींचे फोटो काढा, पार्ट याच नंबरवरून मागवायचे असतात. बाहेरून आलेली बोट असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) बघा. नोंदणी आणि सर्व्हेचे कागद इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ प्रमाणे आहेत का, आणि समुद्रावर ठेवणार असाल तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे काय लागतं, ते आधी विचारून या.

टोकन देताना साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या, की पाण्यावरची ट्रायल, कॉम्प्रेशन आणि गिअर ऑइल पास झालं तरच व्यवहार, नाहीतर टोकन परत. बजेटमधले चौथा हिस्सा पैसे बोटीच्या किमतीत घालू नका, बाजूला ठेवा. बोट घरी आली की त्यातून लगेच इम्पेलर, बेलो, गिअर ऑइल, फिल्टर आणि बेल्ट बदला, विकणारा काहीही म्हणो, आणि तारीख व मीटरवरचे तास इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.